चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला जात असताना लहान प्रार्थना गटातही जावे का?

नोकरीनिमित्त वडोदऱ्यात आलेल्या आपल्या कुटुंबाने जरूर जावे, असे माझे मत आहे. रविवारच्या गर्दीत पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, प्रत्येकाची विचारपूस करणे शक्य नसते. आठ-दहा जणांच्या बैठकीत मात्र एखादा आला नाही, की दुसऱ्याच दिवशी त्याला फोन जातो. माझ्या आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी आमच्या मांजलपूरच्या गटातील एका काकूंनी सलग नऊ दिवस डबा पोहोचवला, आणि त्यात आईसाठी मऊ भात न विसरता वेगळा ठेवलेला असे. शिवाय गुजराती कितीही चांगले येत असले, तरी मनातले दुःख प्रार्थनेत मांडताना मराठीच ओठांवर येते.

ही प्रथा नवी नाही. प्रिस्किला व अक्विला या ख्रिस्ती दाम्पत्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला, म्हणजे उपासकांच्या समूहाला, प्रेषित पौलाने बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सलाम सांगितला आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १७४२ मध्ये मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी सुमारे बारा-बारा जणांचे वर्ग पाडले ते खरे तर इमारतीचे कर्ज फेडण्यासाठी. परंतु दर आठवड्याला एकेक पेनी गोळा करताना घरोघरची दुखणी कळू लागली आणि त्यातूनच एकमेकांची काळजी वाहणारे गट उभे राहिले.

मात्र बैठकीत विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर जात असेल, तर दुसरा गट पाहावा.