खाजन ही पेन्शन नव्हे

गोव्यातल्या चोडणच्या एका वाचकाचं पत्र. वय ५८, खाजगी नोकरी, दोन वर्षांत निवृत्ती. बांध फुटून त्यांच्या सहा हजार चौरस मीटर खाजनात (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या भातशेतीत) खारं पाणी भरलंय. ते तसंच ठेवून खारफुटी वाढवली, तर कार्बन क्रेडिटचे, म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनच्या मोबदल्याचे, वर्षाला दोन लाख मिळतील, असं एजंट सांगतो. नोंदणीचे तीन लाख एफडी मोडून भरू का?

नको. ०.६ हेक्टर, खारफुटी हेक्टरी वर्षाला १० टन कार्बन डायऑक्साइड शोषते असं धरलं, तर सहा टन. टनाला सढळ हाताने दोन हजार रुपये धरले तरी बारा हजार. फी फिटायलाच २५ वर्षं! तपासणीचा खर्च वेगळाच.

जमीन समुद्राला परत देणं हा खुळेपणा नव्हे. इंग्लंडात मेडमरीला २०१३ साली मुद्दाम बांध फोडला. पण सरकारी यंत्रणेने आधी मागे नवा बांध घातला, तोही पूर रोखण्यासाठी. तुमच्या मागे शेजाऱ्याचं कोरगूट, म्हणजे खाऱ्या जमिनीतलं भात, आहे. बांध आणि मानस (भरतीचं पाणी अडवणारं दार) सगळ्यांची. एकट्याने ठरवायची गोष्टच नाही. आणि खारफुटी एकदा माजली की सीआरझेडमुळे, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांमुळे, ती तोडून पुन्हा भात लावणं विसरा.

पण मला टोचली ती पत्रातली शेवटची ओळ: 'खाजन दीड कोटीचं आहे, म्हणून निवृत्तीची चिंता नाही.' हा भाव कोणी दिला? त्याच एजंटने? २०२३ च्या कायद्यानंतर गोव्यात भातशेती बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही. खाजनात बांधकामाची आशा तर सोडूनच द्या. एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा) काढा. त्यावर आजोबांचं नाव असेल, तर आधी वाटणी. कुळाचं नाव असेल, तर विकण्याचा प्रश्नच मिटला. निवृत्तीच्या हिशेबात खाजन शून्य धरा.

मग उरतात एफडी आणि पीएफचे ३५ लाख. साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल ३० लाख बसतात, ८.२ टक्क्यांनी महिन्याला साधारण साडेवीस हजार, उरलेल्या पाच लाखांचे फार तर तीन. तुमचा खर्च ४५ हजार. म्हणजे साठाव्या वर्षापासूनच दरमहा वीस-बावीस हजारांची तूट, महागाई न धरता! आणखी तीन-चार वर्षं कमावता येईल का ते आत्ताच बघा, आणि आरोग्य विमा याच महिन्यात घ्या. पत्रात त्याचा उल्लेखही नाही.

बांधाची लेखी तक्रार बांधांची देखभाल करणाऱ्या कूळ संघाकडे आणि शेती खात्याकडे द्या. एजंटला दिलेलं दहा हजारांचं टोकनही लेखीच परत मागा.