डेन्मार्कात माणूस काढणं सोपं आहे, मग आपल्याकडचे कायदेच आड येतात का?

तुमच्या रबाळ्याच्या कारखान्यातला एचआरवाला म्हणतो, 'डेन्मार्कात माणूस चटकन काढता येतो म्हणून तिथे नोकऱ्या आहेत. आपले कायदे कडक, म्हणून आम्ही कंत्राटी भरतो.' हे खरं का, असं तुम्ही विचारलंय.

अर्धंच खरं आहे. नुसत्या 'काढणं सोपं की अवघड' या मापाने अमेरिका आणि डेन्मार्क एकाच बाजूला पडल्यासारखे वाटतात, आणि फसगत तिथेच होते. मी आधी हे बघतो, की नोकरी गेल्यावर पुढच्या महिन्याचं वाणसामान कोणाच्या पैशातून भरलं जातं.

अमेरिकेत मालकाला सहसा कारणही सांगावं लागत नाही. १९८८च्या कायद्याने १०० किंवा जास्त माणसांच्या कंपनीने मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची नोटीस द्यायची, बस्स. बेकारी भत्ता राज्यागणिक वेगळा, बऱ्याच ठिकाणी २६ आठवडे. आरोग्यविमा बहुतेकांचा नोकरीला बांधलेला, त्यामुळे नोकरी गेली की दवाखान्याचीही पंचाईत.

डेन्मार्कात नोकरी गेलेल्याचा भार मालकावरून काढून बेकारी विमा निधीवर ठेवलाय. या निधीचं सभासदत्व ऐच्छिक असतं. साधारण वर्षभर सभासद असलात की आधीच्या पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत भत्ता मिळतो, पण वर कमाल मर्यादा आहे, त्यामुळे चांगल्या पगारवाल्याच्या हाती प्रमाणाने बरंच कमी येतं. तीन वर्षांच्या अवधीत दोन वर्षं तो चालतो (२०१०च्या सुधारणेआधी चार वर्षं चालायचा). त्या काळात अर्ज करत राहायचं, रोजगार केंद्रात हजेरी लावायची, नाहीतर भत्ता बंद. किमान वेतनाचा कायदा तिथे नाहीच, दर ठरतात ते युनियन आणि मालक संघटनांच्या करारांतून. एचआरवाले यातलं 'काढणं सोपं' तेवढं सांगतात.

जर्मनीची तऱ्हा निराळी: माणूस काढूच नका, तास कमी करा. मंदीत कामगाराची निव्वळ कमाई २,००० युरोवरून १,२००वर आली, तर गेलेल्या ८०० युरोंपैकी ६० टक्के, म्हणजे ४८० युरो सरकारी रोजगार संस्था भरते. मूल असेल तर ६७ टक्के, म्हणजे ५३६. नेहमीची अट अशी, की निदान एक तृतीयांश कामगारांची कमाई १० टक्क्यांहून जास्त घटलेली हवी. एप्रिल २०२०मध्ये सुमारे ६० लाख लोक या योजनेवर होते. खोट एवढीच, की बुडायला आलेला कारखानाही काही महिने उगाच तरंगत राहतो.

आता आपल्याकडे या. १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागायची. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाली आणि हा आकडा ३०० झाला. म्हणजे समजा १८० माणसांच्या कारखान्याला ही सबब आता उरलेली नाही. कंत्राटीकरणामागे माझ्या मते पगारातली तफावत आणि तुटणारी सेवा ही कारणं जास्त वजनाची आहेत. हिशोब करून बघा. १८,००० रुपये पगाराचा कायम कामगार सहा वर्षांनी कपातीत गेला, तर वर्षाला १५ दिवसांप्रमाणे ५४,००० भरपाई, १५/२६ च्या सूत्राने (वर्षाला १५ दिवस, महिना २६ दिवसांचा धरून) सुमारे ६२,३०० ग्रॅच्युइटी आणि महिन्याची नोटीस. कंत्राटी माणसाचा ठेकेदार दोन वर्षांनी बदलतो, नवं पत्र हातात पडतं, मशीन तेच राहतं. ग्रॅच्युइटीला सहसा लागणारी सलग पाच वर्षं काही कागदावर भरत नाहीत.

गंमत म्हणजे डेन्मार्कसारखी युक्ती आपल्या वाशीच्या बाजारात जुनीच आहे. कांदा-बटाट्याच्या गोणी उतरवणारी टोळी कुठल्याच व्यापाऱ्याची नोकर नसते. १९६९च्या माथाडी कायद्याने व्यापारी हमाली आणि तिच्यावर लेव्ही (टक्केवारीने जादा रक्कम) माथाडी मंडळात भरतो, आणि त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे निघतात. आज माल एकाचा, उद्या दुसऱ्याचा, खातं मात्र तेच. ज्या दिवशी काम नाही त्या दिवसाचे पैसे नाहीत, ही त्यातली मोठी उणीव. शिवाय 'माथाडी' नावाखाली वसुली करणाऱ्या टोळ्यांनी कायद्याची बदनामी केली ती वेगळीच.

तुम्ही स्वतः कंत्राटी असाल तर यूएएनचं, म्हणजे तुमच्या पीएफ क्रमांकाचं, पासबुक काढून ठेवा. कोणत्या महिन्यात कोणत्या ठेकेदाराने पैसे भरले, हे त्यात ओळीने दिसतं. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कारखान्यावर येते, तेव्हा गेटपास आणि हजेरीचे फोटो जपा. पगारातून ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) कापली जात असेल आणि नोकरी गेली तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी कमाईच्या ५० टक्के रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळू शकते, म्हणजे १८,०००च्या हिशोबाने २७,०००. मात्र आयुष्यात एकदाच, त्यासाठी किमान दोन वर्षं विमाधारक असावं लागतं आणि योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून अर्जाआधी शाखेत विचारून घ्या.