दिलं, की सांभाळायला दिलं?

नाशिकहून बंगळूरुला नोकरीसाठी गेलेल्या एका वाचकाचा हा प्रश्न आहे. जाताना त्यांनी बुंदी नावाचं चार महिन्यांचं देशी पिल्लू जुन्या ऑफिसातल्या सहकाऱ्याकडे ठेवलं. आता ती गच्चीवर हातभर साखळीला बांधलेली असते, असा फोटो शेजाऱ्यांनी पाठवलाय. सिन्नरची मावशी तिला घ्यायला तयार आहे, पण सहकारी म्हणतो, "दिलीस ना मला? आता विषय संपला." अशी पत्रं मला दर महिन्याला येतात. नोकरी बदलते, बाळ होतं, घरमालक कुरकुरतो आणि पिल्लू कुणाच्या तरी हातात देऊन माणूस गाडीत बसतो.

सोसायटी, घरमालक, भाडेकरार हे तुमच्या पत्रातले मुद्दे मी बाजूला ठेवतो. त्यातला एकही तुमच्या प्रश्नाच्या आड येत नाही. सगळं अडलंय ते एकाच गोष्टीवर: तुम्ही बुंदी दिलीत, की सांभाळायला दिलीत?

कायद्याच्या नजरेत कुत्रा ही जंगम मालमत्ता आहे. मला हे पटत नाही, पण कोर्टात उभं राहायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते. दिली असेल तर ती भेट. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 122 आणि 123 प्रमाणे समोरच्याने स्वीकारली आणि ताबा घेतला की भेट पूर्ण होते. मग कलम 126 मुळे देणाऱ्याला नुसतं मन बदललं म्हणून ती परत घेता येत नाही. सांभाळायला दिली असेल तर मात्र भारतीय करार अधिनियम, 1872 मधली निक्षेपाची कलमं लागतात. वस्तू तुमचीच राहते, काम संपलं की परत मिळते. याच कायद्यात कलम 163 खाली गाईचं उदाहरण आहे: गाय सांभाळायला ठेवली आणि ती तिथे व्याली, तर गाईबरोबर वासरूही परत द्यायचं.

आता तुमचे मेसेज. जाण्याच्या दिवशी तुम्ही लिहिलंत, "दादा, तोपर्यंत बुंदी तुमच्याकडे राहू दे, माझं बस्तान बसलं की बघतो." त्यातला 'तोपर्यंत' हा शब्द तुमच्या बाजूचा आहे. पण तिसऱ्या आठवड्यात तुम्हीच लिहून बसलात, "तिला तिथेच करमतंय, आता तुमचीच समजा." असं वाक्य रात्री अकरा वाजता सहज टाइप करायचं नसतं. समोरचा वकील पहिल्यांदा तेच वाचून दाखवील. सुदैवाने त्यानंतर तुम्ही अडीच हजार रुपये पाठवलेत, व्यवहाराखाली 'बुंदीचा खाऊ' असं लिहिलंत, आणि त्यांनी ते ठेवून घेतले. स्वतःच्या कुत्रीच्या खाण्याचे पैसे कुणी दुसऱ्याकडून घेत नाही. तोल बहुधा तुमच्याकडे झुकेल. खात्री देत नाही.

पण हे सगळं सिद्ध कशावर करणार? पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की या चॅटवर 90 दिवसांनी मेसेज आपोआप पुसले जाण्याची सेटिंग आहे. तुम्ही दिलेल्या तारखांवरून आज 83 वा दिवस आहे. अजून सात दिवसांनी 'तोपर्यंत' नाहीसा होईल, आणि ज्यात तुम्ही 'तुमचीच समजा' लिहिलंत तो मेसेज त्यानंतरही दोन-तीन आठवडे दोघांच्या फोनमध्ये राहील. पत्र वाचताना मी इथे थांबलो. आज रात्रीच अख्खं चॅट एक्सपोर्ट करा, तारखा दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या, पैसे पाठवल्याची नोंद बँकेच्या स्टेटमेंटमधून काढा. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागेल, ते तुमच्या वकिलाला करू द्या.

मग लेखी मागणी करा. फोनवर बोलून उपयोग नाही. "बुंदीला न्यायला मी शनिवारी सकाळी येतोय. आजवरचा खाण्याचा आणि डॉक्टरांचा खर्च कळवा, तो देतो." एवढंच लिहा, भांडू नका. फुकट सांभाळणाऱ्याचा आवश्यक खर्च भरून देणं करार अधिनियमाच्या कलम 158 प्रमाणे तुमचं कर्तव्यच आहे. त्यांनी लेखी नकार दिला तर मुदत कायद्याच्या अनुच्छेद 70 प्रमाणे दावा लावायला त्या दिवसापासून तीन वर्षं धरली जातात.

तीन वर्षं वाचून निवांत होऊ नका. कैफियत, म्हणजे दाव्याला समोरच्याचं लेखी उत्तर, द्यायला कायद्याने 30 दिवस, फार तर 90. पुढे तारखांवर तारखा. कुत्र्याचं अख्खं आयुष्य बारा-तेरा वर्षांचं. दाव्याचा निकाल लागेपर्यंत हे पिल्लू म्हातारं व्हायला नको, म्हणून मी अशा प्रकरणात आधी खर्च देऊन, मध्यस्थ घालून सोडवायला सांगतो. गच्चीवर परस्पर शिरून तिला आणू मात्र नका. घरात बेकायदा शिरल्याची तक्रार तुमच्यावरच होईल.

साखळीचं काय? प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 च्या कलम 11 मध्ये आखूड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, पण पहिल्या वेळेला दंड 10 ते 50 रुपये. तोही अदखलपात्र, आणि कलम 36 प्रमाणे तीन महिन्यांत खटला भरला नाही तर संपलं. याच कलम 11 मध्ये हेही आहे की मालकाने वाजवी देखरेख केली नाही तर मालकही दोषी. 'बुंदी माझीच' असं म्हणायचं तर त्या फोटोचा जाब तुम्हालाही द्यावा लागेल. फोटो येऊन दोन आठवडे झाले. तुम्ही सहकाऱ्याला एक ओळ तरी लिहायला हवी होती.

मावशींकडे देताना या वेळी कागद करा, नातं कितीही जवळचं असो. एक पान पुरतं: कायमची देतोय, पुढच्या लसी आणि नसबंदी त्यांच्याकडे, आणि तिला विकलं, दुसऱ्याला दिलं किंवा सतत बांधून ठेवलं तर भेट रद्द होऊन ती परत माझ्याकडे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम 126 अशी अट चालवून घेतं, कारण ती घटना तुमच्या मर्जीवर नाही. 'मला वाटेल तेव्हा परत घेईन' असं लिहिलंत तर ती भेटच निरर्थक ठरते. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि रेबीजच्या लसीचं कार्ड मावशींच्या हातात. ते कार्ड अजून सहकाऱ्याकडेच असेल, तर शनिवारी बुंदीबरोबर तेही मागून घ्या.