वाड्यात कोण राहतं?

प्रिय मुली,

तुझा फोन ठेवला आणि चहा तसाच निवला. मालवणजवळच्या घराबद्दल तू लिहिलंस, ‘आमचा वडिलोपार्जित वाडा’, आणि आजी खोखो हसली, ‘वाड्यात गुरां रवतत गो!’ आता तू विचारतेस, चूक आजीची की शब्दकोशाची?

कुणाचीच नाही. वाडा म्हणजे मुळात आवार, संस्कृतातलं ‘वाटक’. देशावर त्या आवारात चौक, सोपा, माडी आली. १७३२ साली वास्तुशांत झालेला शनिवारवाडा आपल्या डोळ्यांपुढे असतो, म्हणून वाडा म्हटलं की आपल्याला दिंडीदरवाजाच दिसतो. कोकणात त्याच आवारात गुरं बांधली. वाडा म्हणजे गोठा. माणसं राहतात ते घर. शब्द लिहिण्याआधी त्या घरातल्या माणसाला विचार, एवढंच मला म्हणायचंय.

हे मला उशिरा कळलं. लालबागच्या एका छापखान्यात मी मुद्रितं तपासायचो. रत्नागिरीकडच्या एका मास्तरांच्या आठवणी आल्या होत्या. ‘त्या पावसात वाडा पडला आणि तांबू गेली.’ मला ते वाक्य अगदीच ओकंबोकं वाटलं. मी ‘चौसोपी वाडा’ केलं. पुस्तक निघाल्यावर मास्तरांचं कार्ड आलं: ‘आमच्या सात पिढ्यांत चौसोपी काही नव्हतं. गोठा पडला. तांबू गाय होती.’

विचारायला हवं होतं, मान्य. पण रात्री नऊला फर्मा मशीनवर चढायचा होता, मास्तरांकडे फोन नव्हता, आणि माझा जन्म साताऱ्याकडचा. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. जाऊ दे. केलं मी.

आणि ‘घर’ शब्द साधा वाटतो म्हणून नाक मुरडू नकोस. परळला चाळीस वर्षं काढलेला चाकरमानी मुंबईतल्या जागेला ‘खोली’ म्हणतो. गणपतीत एसटीच्या रांगेत उभा राहून ‘घरी चाललोय’ म्हणतो, तेव्हा कुठलं घर हे कुणी विचारत नाही. तुझ्या आजोबांनीही तेच म्हटलं असेल. त्यावर तू वाडा चढवणार?

रविवारी आजीजवळ बस. खळं, पडवी, ओटी, माजघर, एकेक नाव तिच्या तोंडून लिहून घे. माझ्याकडून नको, मी साताऱ्याचा. तू पाठवलेल्या फोटोत दाराच्या डाव्या हाताला जमिनीत पुरलेला पोकळ दगड दिसतोय, त्यात कुणीतरी तुळशीची कुंडी ठेवलीय. मला ती व्हायन वाटते, भात कांडायची. आजीला विचारून कळव.