मॉडेलर घेतलं, आता स्पीकर कोणता?

गणपती जवळ आले की आमच्याकडे गिटारवाल्यांची पत्रं वाढतात. या वेळी तिघांची घेतली आहेत. पहिल्याला सविस्तर उत्तर दिलं आहे, कारण तोच प्रश्न बाकीच्या पत्रांतही फिरून फिरून येतो.

प्रश्न : दादा, मी नाशिकच्या सिडकोत राहतो, सातपूर एमआयडीसीत नोकरी करतो आणि शनिवार-रविवार बँडमध्ये गिटार वाजवतो. दिवाळीला डिजिटल मॉडेलर (गिटार अँप आणि त्याच्या स्पीकरची नक्कल करणारं यंत्र) घेतलं. हेडफोनवर टोन अप्रतिम लागतो. पण माझ्या जुन्या गिटार अँपला जोडलं की आवाज गोधडी पांघरल्यासारखा बसका येतो, आणि कॅफेतल्या साउंड सिस्टिमला जोडलं की कानात टोचतो. मित्र म्हणतात फुल-रेंज स्पीकर घे. एक दुकानदार १२ इंची, ‘२००० वॅट’वाला दाखवतो, दुसरा म्हणतो ८ इंची पुरे. साधा पीए (कार्यक्रमांच्या साउंड सिस्टिमचा) स्पीकर चालेल का? बँडमध्ये ड्रम, बेस, कीबोर्ड सगळं आहे. गंगापूर रोडवरचे कॅफे, कॉलेजची गॅदरिंग आणि गणपतीत मंडळांची स्टेज, असे आमचे कार्यक्रम असतात. सामान स्कूटरवरून नेतो.
– एक वाचक, सिडको

उत्तर : तुमचं मॉडेलर ठणठणीत आहे आणि अँपही. त्यांची जोडी जमत नाही, एवढंच. गिटार अँपमधला स्पीकर सगळे सूर सारखे ऐकवत नाही. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० घ्या, रॉकवाल्यांचा लाडका स्पीकर. कंपनीच्या माहितीपत्रकात त्याची रेंज ७० ते ५,००० हर्ट्‌झ दिली आहे. पाच हजारांच्या वरचं तो जवळजवळ गिळून टाकतो, आणि डिस्टॉर्शनची चरचर नेमकी तिथेच असते. आपल्या कानाला सवयीचा असलेला इलेक्ट्रिक गिटारचा आवाज या गिळण्यातूनच तयार झाला आहे.

मॉडेलरमधला ‘कॅब’ किंवा ‘आयआर’ (इम्पल्स रिस्पॉन्स) नावाचा ब्लॉक हेच काम करतो. खऱ्या कॅबिनेटसमोर, म्हणजे स्पीकरच्या खोक्यासमोर, माइक लावून तिचा प्रतिसाद मोजलेला असतो आणि तो तुमच्या सिग्नलवर चढवला जातो. तुम्ही मॉडेलर अँपला जोडता तेव्हा आधी मॉडेलरमधली कॅबिनेट वरचं कापते, मग अँपचा खरा स्पीकर तेच पुन्हा कापतो. त्यात अँपच्या पुढच्या इनपुटला वायर लावली असेल तर अँपचा प्रीअँपही (टोन घडवणारा पहिला टप्पा) मध्ये हात मारतो. मग आवाज बसणारच. कॅफेत उलटं झालं असण्याची शक्यता आहे. अँपसाठी कॅब ब्लॉक बंद केला आणि तोच प्रीसेट (साठवलेली सेटिंग) तसाच साउंड सिस्टिमला दिला, तर पूर्ण चरचर हॉर्नमधून (वरचे सूर देणाऱ्या भोंग्यातून) थेट कानावर येते. आज घरी गेल्यावर आधी हे तपासा. अँपला जाताना कॅब बंद, बाकी सगळीकडे चालू.

आता स्पीकर. फुल-रेंज स्पीकरने स्वतःचा रंग चढवायचा नसतो. खर्जापासून वरच्या टोकापर्यंत जे आत येईल ते तसंच बाहेर द्यायचं, टोन मॉडेलरने घडवायचा. म्हणून दुकानात ‘याचा टोन कसा आहे’ असं विचारू नका. ड्रम सुरू असताना हा किती मोठ्याने स्वच्छ वाजेल, आणि मी दोन पावलं बाजूला सरकलो तर आवाज किती बदलेल, हे दोनच प्रश्न तुमच्या कामाचे आहेत.

वॅटच्या आकड्याला भुलू नका, हे मी ओरडून सांगायला तयार आहे. खोक्यावरचे २००० वॅट बहुधा ‘पीक’ असतात, म्हणजे क्षणभराचा जोर. सलग मिळणारी ताकद साधारण निम्मी. ताकद दुप्पट केली तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल एवढा. आवाज दुप्पट मोठा वाटायला १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी ताकद दहापट हवी. त्यामुळे माहितीपत्रकात ‘कमाल एसपीएल’, म्हणजे आवाजाची कमाल पातळी, शोधा. यामाहाचा डीबीआर१० हा दहा इंची स्पीकर ७०० वॅटचाच आहे, पण त्याची कमाल पातळी १२९ डेसिबल आहे. हा आकडा एक मीटरवरचा असतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, म्हणजे चार मीटरवर उभ्या असलेल्या ड्रमरपर्यंत १२ डेसिबल कमीच पोचतात. जोरात वाजणारा ड्रमसेट स्टेजवर शंभर डेसिबलच्या वर सहज जातो. हे धरून चाला आणि १२० च्या खालचा स्पीकर बँडसाठी घेऊ नका.

आठ, दहा की बारा इंची? आठ इंची घरी आणि छोट्या कॅफेत छान वाजतो. पण बेस आणि ड्रमसमोर ताणला की जाड तारेवरचा पाम-म्यूट (तळहाताने तार दाबून काढलेला सूर) आवळल्यासारखा येतो. स्पीकरचा आतला लिमिटर (आवाज मर्यादेत ठेवणारी सोय) स्पीकरचा पडदा वाचवायला धावतो आणि तुमचा पंच खातो. बारा इंचीचा खर्ज भरदार असतो, पण त्याचं वजन पंधरा किलोच्या आसपास जातं, आणि सिडकोहून गंगापूर रोडला स्कूटरच्या पायाशी तो ठेवून कसं जाणार? शिवाय गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूरच ८२ हर्ट्‌झचा. त्याखालचा प्रांत बेसवाल्याचा आहे, तो त्यालाच असू द्या. तुमच्यासाठी मी दहा इंचीच्या बाजूने आहे. वर सांगितलेला डीबीआर१० साडेदहा किलोचा आहे, एका हाताने जिना चढता येतो.

साधा पीए स्पीकर चालेल का? चालेल, बेलाशक. ‘एफआरएफआर’ (फुल-रेंज, फ्लॅट रिस्पॉन्स) असं छापून गिटारवाल्यांना विकले जाणारे बरेचसे स्पीकर आतून अ‍ॅक्टिव्ह पीएच असतात, म्हणजे वूफर (खर्जाचा स्पीकर), वर हॉर्न, मागे अँप. हेडरश आणि अल्टो हे दोन्ही ब्रँड इनम्युझिक या एकाच कंपनीचे आहेत. एक गिटारवाल्यांना विकतो, दुसरा साउंडवाल्यांना. लाइन ६ च्या पॉवरकॅबचं मात्र वेगळं आहे. त्यात हॉर्न वूफरच्या मधोमध बसवलेला आहे, आणि सपाट प्रतिसादाबरोबर गिटार स्पीकरची नक्कल करण्याचीही सोय आहे. मधोमध बसवलेल्या हॉर्नचा खरा फायदा जवळून ऐकताना कळतो. नेहमीच्या खोक्यात हॉर्न वर आणि वूफर खाली असतो. ते दोन पावलांवर जमिनीवर ठेवलं की दोघांचे आवाज कानापर्यंत मागेपुढे पोचतात, आणि मान हलवली तरी टोन बदलतो.

म्हणून दुकानात असं करा. स्वतःची गिटार आणि स्वतःचं मॉडेलर घेऊन जा. दुकानातल्या मल्टीइफेक्टवर कधीही ऐकू नका, दुकानदार त्यात असा रिव्हर्ब लावून ठेवतो की पत्र्याचा डबाही गोड वाजेल. स्पीकरच्या मागे ईक्यूचे (खर्ज-टीप कमीजास्त करण्याचे) आणि ‘डीएसपी’चे (डिजिटल प्रक्रियेचे) प्रीसेट असतात, ते ‘फ्लॅट’वर ठेवा. आधी क्लीन टोनवर एक उघडी ‘ई’ कॉर्ड वाजवून ती विरेपर्यंत थांबा. विरताना वरच्या टोकाला खरखर राहत असेल तर हॉर्न हलका आहे. मग डिस्टॉर्शनवर जाड तारेचा पाम-म्यूट, आवाज कार्यक्रमाइतका चढवून. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू द्या, पैसे तुमचे आहेत. आता वाजवत वाजवत समोरून बाजूला या, साधारण ४५ अंशांपर्यंत. ज्या स्पीकरचा आवाज बाजूला येताच एकदम मंदावतो तो मंडपात तुमच्या बेसवाल्याला ऐकूच जाणार नाही. शेवटी स्पीकर जमिनीवर आडवा, मॉनिटरसारखा तिरपा ठेवा आणि उभं राहून वाजवा, कारण स्टेजवर तुम्ही तसेच वाजवणार आहात. जमिनीवर ठेवल्याने खर्ज वाढतो. ज्या खोक्याला मॉनिटरसारखा तिरपा बसण्यासाठी काप नाही, त्याला स्टँडचा खर्च धरा.

स्पीकर घरी आला की पहिल्याच प्रॅक्टिसला तुम्हाला वाटेल, हा तर टोचतोय आणि घुमतोयही. त्यात स्पीकरचा दोष नसतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि टीप कमी ऐकू येते. रात्री हेडफोनवर प्रीसेट बनवताना आपण ती कमतरता नकळत भरून काढतो, आणि आवाज चढवला की भरलेलं सगळं उतू जातं. कॅब ब्लॉकमध्ये लो-कट (खालचा खर्ज कापणारा) ८० ते १०० हर्ट्‌झवर आणि हाय-कट (वरची टीप कापणारा) ६ ते ८ हजारांवर लावून सुरुवात करा, आणि कार्यक्रमाचे प्रीसेट कार्यक्रमाच्याच आवाजात, ड्रमर समोर बसवून जुळवा. प्रीसेटमध्ये हात घालायचा नसेल तर मॉडेलरच्या ग्लोबल ईक्यूमध्ये करा. रात्री घरी परत हेडफोन लावताना तो ईक्यू बंद करता येतो.

अजून एक गोष्ट मंडळांच्या स्टेजसाठी. तुमचा स्पीकर प्रेक्षकांसाठी नाही, तुमच्यासाठी आणि बँडसाठी आहे. प्रेक्षकांना मिक्सरमधून द्या, मॉडेलरच्या दुसऱ्या आउटपुटमधून. शक्य असेल तर दोन्हींचे व्हॉल्यूम वेगळे ठेवा. पंचवटीतल्या अरुंद गल्लीत मंडपासमोर ढोल सुरू झाले की तुम्ही तुमचा स्पीकर चढवणारच, पण त्याबरोबर मिक्सरला जाणारा सिग्नलही चढला तर साउंडवाला तुमची पट्टी खाली ओढेल, आणि ढोल थांबल्यावर गिटार कुठेच ऐकू येणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे, गिटार वाजवतो. मॉडेलरसाठी आठ इंची फुल-रेंज स्पीकर मागतो आहे. आमची खोली दहा बाय बाराची, शेजार अगदी भिंतीला लागून. घेऊन द्यावा का?
– एक आई, देवळाली कॅम्प

उत्तर : ताई, तो स्टेजवर वाजवत नसेल तर आत्ता नको. त्याच पैशात पाच इंची स्टुडिओ मॉनिटरची जोडी बघा. तीही फुल-रेंजच, पण हळू आवाजात जवळून ऐकण्यासाठी बनवलेली. त्याच्या मॉडेलरचा टोन त्यावर जास्त खरा ऐकू येईल, आणि स्टीरिओ मिळेल हा वरचा फायदा.

खोलीबद्दल मात्र त्याला हे नक्की वाचायला द्या. १२ फुटांच्या लांबीत ४७ आणि ९४ हर्ट्‌झच्या आसपास, १० फुटांच्या रुंदीत ५६ आणि ११२ च्या आसपास आवाज भिंतीभिंतींत अडकून घुमतो. गिटारची पाचवी तार मोकळी वाजवली की ११० हर्ट्‌झ येतात, आणि सहाव्या तारेवर दुसऱ्या पट्टीचा सूर साडेब्याण्णव. हे दोन सूर त्याच्या खोलीत कायम फुगलेले ऐकू येतील आणि तो बिचारा मॉडेलरमध्ये खर्ज कापत बसेल. मॉनिटर कोपऱ्यात ठेवू नका, भिंतीपासून थोडे पुढे आणि त्याच्या कानाच्या उंचीवर ठेवा. बाकी कपड्यांचं कपाट, गादी, पडदे जितके खोलीत असतील तितकी टीप मऊ होईल, घुमणाऱ्या खर्जाला मात्र त्यांचा फारसा उपयोग नाही. रात्री दहानंतर हेडफोन. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे, आणि बारावीचं वर्ष शेजाऱ्यांच्याही घरात असू शकतं.

प्रश्न : स्पीकर एकटा लावला की शांत असतो. मॉडेलरची दुसरी वायर मिक्सरला गेली की ‘घूं’ सुरू होतं. आमच्या साउंडवाल्याने अ‍ॅडॉप्टरची अर्थची पिन काढायला सांगितली. काढू का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : अजिबात नाही. मिक्सरचा अर्थ आणि तुमच्या स्पीकरचा अर्थ वेगवेगळ्या बोर्डांतून येतात आणि मधल्या वायरच्या जाळीतून जोडले जातात. त्या फेऱ्यात ५० हर्ट्‌झची वीज फिरते, तीच तुम्हाला ऐकू येते. पिन काढली तर ‘घूं’ जाईलही, पण मग मंडपातल्या कच्च्या लाइनवर एखादं उपकरण बिघडलं तर तो करंट तुमच्या तारांवर येईल, आणि तुमचे ओठ माइकला लागलेले असतील. याने माणसं दगावली आहेत.

आधी स्पीकर आणि मॉडेलर मिक्सरच्याच बोर्डातून चालवून बघा. नाही थांबलं तर मिक्सरला जाणाऱ्या वाटेवर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी) लावा आणि त्याचं ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण दाबा. ते फक्त सिग्नल वायरची जाळी तोडतं, विजेचा अर्थ शाबूत राहतो. या बॉक्सचा दुसरा उपयोग असा की साउंडवाल्याने माइकसाठी ४८ व्होल्टचा फँटम (माइकला वायरमधूनच दिली जाणारी वीज) सगळ्या चॅनलना एकदम सोडला तरी तो मॉडेलरच्या आउटपुटपर्यंत पोचत नाही. डीआयमधून माइक लेव्हलचा सिग्नल निघतो, तेव्हा त्याला माइक इनपुटच द्यायला सांगा आणि गेन शून्यापासून चढवायला लावा.