तबकडी-शंका : सुई, स्पिरिट आणि पन्नास हर्ट्झ

प्रश्न : भावाने न्यू जर्सीहून जुना टर्नटेबल आणून दिला. पाटीवर १२० व्होल्ट लिहिलंय, म्हणून ट्रान्सफॉर्मर घेतला. यंत्र फिरतं, पण एलपीवरच्या सगळ्या बायका पुरुषी आवाजात गातात. पट्टा बदलला, फरक नाही. (नाशिक)

पट्ट्याचा दोष नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, सायकल (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, म्हणजे हर्ट्झ) बदलत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. जुन्या एसी सिंक्रोनस मोटरचा वेग या सायकलींवरच ठरतो. त्यामुळे ३३⅓ ऐवजी मिनिटाला जेमतेम २७.८ फेरे पडतात. २० मिनिटांची बाजू २४ मिनिटं चालते आणि स्वर तीन अर्धस्वरांहून थोडा जास्तच उतरतो. हार्मोनियमच्या काळी पाचमध्ये गाणारी बाई थेट पांढरी पाचात येते. खात्री करायची तर रेकॉर्डच्या कडेला कागदाचा कपटा ठेवून मिनिटभर फेरे मोजा. २८ च्या आसपास आले तर निदान पक्कं.

इलाज मोटरच्या दांड्यावरच्या पुलीत आहे. काही मॉडेलांना ५० हर्ट्झची वेगळी पुली मिळत असे, ती आधी शोधा. नाही मिळाली तर लेथवाल्याकडून करून घ्या. मात्र 'आहे त्याच्या १.२ पट' एवढंच सांगून मोकळे होऊ नका. पट्ट्याची जाडीही हिशेबात येते. समजा पुली १० मिमी आणि पट्टा ०.६ मिमी. बेरीज १०.६, तिची १.२ पट १२.७२, त्यातून ०.६ वजा केले की १२.१२ मिमी. नुसती १२ केलीत तर वेग एक टक्का कमी पडेल, आणि तानपुरा लावून ऐकणाऱ्याला तेवढाही फरक कळतो. पुलीवर ३३ आणि ४५ चे दोन टप्पे असतील तर दोन्ही मोजा. मधला किंचित फुगवटा तसाच ठेवा, नाहीतर पट्टा उतरतो. भोक केंद्रातच हवं, नाहीतर लांब षड्ज थरथरतो.

ज्यांचं यंत्र क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह आहे (पट्टा नाही, वेग क्वार्ट्झ स्फटिकावर ठरतो), त्यांना व्होल्ट जुळवले की पुरे. अ‍ॅडॉप्टरवर १००–२४० लिहिलं असेल तर ट्रान्सफॉर्मरही नको.

प्रश्न : आजोबांच्या ७८ च्या रेकॉर्डी बुरशीमुळे स्पिरिटने पुसल्या. आता दोन रेकॉर्डींवर पांढरट डाग आहेत आणि वाजवताना सतत 'शूऽऽ' येतो. (रत्नागिरी)

त्या दोन गेल्या. जुनी ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची, तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिशसाठी हेच करतात. चरांच्या (सुई चालते त्या खाचांच्या) भिंती विरघळून खरबरीत झाल्या, 'शूऽऽ' त्याचाच. तो निघणार नाही.

बाकीच्यांसाठी एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका. मऊ ब्रश चराच्या दिशेने, गोल फिरवा, आडवा नको. लेबल कोरडं ठेवा. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून पंख्याखाली सावलीत उभ्या वाळवा. भिजत घालू नका. कोलंबियाच्या काही तबकड्यांच्या पोटात कागदाचा थर असतो, कडेला चीर असली तर पाणी आत शिरून तो फुगतो. बुरशी लागलेलं जुनं पाकीट टाकून द्या. धुतलेली रेकॉर्ड परत त्याच पाकिटात घालणं म्हणजे आंघोळ करून ओला पंचा नेसणं.

व्हिनाइल (प्लास्टिकच्या) एलपीला मात्र पाण्यात दहा टक्क्यांपर्यंत आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. दोन्हींचे डबे वेगळे ठेवा, वर मोठ्या अक्षरात लिहा.

आणि याच ७८ एलपीच्या सुईने वाजवू नका. एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची, ७८ ला ७५ च्या आसपासची लागते. बारीक सुई चराच्या तळाशी लोळते आणि तिथला गाळ ऐकवते. उलट चावीच्या फोनोवर एलपी तर चुकूनही नको. त्याचा साउंडबॉक्स (सुई बसवलेली, आवाज काढणारी डबी) सुईवर शंभर ग्रॅमहून जास्त भार टाकतो, एलपीची सुई साधारण दोन ग्रॅमवर चालते.

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात 'एकदम नवी' म्हणून दाखवलेली एलपी कशी पारखायची? वाजवून बघायची सोय नसते. (पुणे)

मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. बारीक केसासारखे ओरखडे दिसतात, पण बहुधा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारी रेघ मात्र दर फेऱ्याला, म्हणजे १.८ सेकंदांनी, टक् करणार. सर्वात वाईट खूण चमक गेलेला राखाडी पट्टा, विशेषतः शेवटच्या द्रुताजवळ. झिजलेल्या सुईने चर खरवडला गेलाय, धुऊन काही होत नाही. मधल्या भोकाभोवती ओरखडे फार असतील तर रेकॉर्ड खूप वाजलेली आहे. शेवटी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाक बघा.

एचएमव्हीच्या क्रमांकात ईएएलपी, ईसीएलपी म्हणजे मोनो, ईएएसडी, ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ. मूळ मोनो ध्वनिमुद्रण नंतर स्टिरिओ म्हणून निघालं असेल तर आम्ही मोनोच घेऊ, कृत्रिम फाळणीत आवाज पोकळ होतो.

प्रश्न : अ‍ॅपवर तीच ती नाट्यपदं येतात. जुनी सापडत नाहीत. (बेळगाव)

बहुधा शोधायची पद्धत चुकते. गायकाचं नाव रोमनमध्ये, जुन्या लेबलावर असायचं तसं टाका : बडोदेकर हे आडनाव बरोडेकर म्हणून नोंदलेलं सापडतं. पदाचे पहिले दोन शब्दच घाला, स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी. रेकॉर्ड हातात असेल तर सर्वात भरवशाचा धागा क्रमांकाचा. लेबलावरचा कॅटलॉग क्रमांक दोन्ही बाजूंना सारखा असतो, मॅट्रिक्स (साच्याचा) क्रमांक मात्र प्रत्येक बाजूचा वेगळा. तो बऱ्याचदा लेबलालगतच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला असतो. डिस्कॉग्स या रेकॉर्डींची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर तो टाकला की तेच गाणं पुढे कुठल्या एलपीवर आलं तेही कधीकधी कळतं, आणि अ‍ॅपवर त्या एलपीच्या नावाने ते निघतं.

प्रश्न : घरच्या घरी डिजिटल प्रत करायची तर? (ठाणे)

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, स्टिरिओ. तासाला सुमारे २ जीबी लागतात, फ्लॅक या, दर्जा न घटवता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात बरीच बचत होते. सर्वात मोठा आवाज वजा ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, एकदा कापला गेला की तो परत येत नाही. ७८ मोनो असली तरी स्टिरिओतच घ्या. चराच्या दोन भिंती सारख्या झिजत नाहीत, मग जी स्वच्छ वाजते ती ठेवता येते. खरखर काढायचं बटण शेवटी आणि हलक्या हाताने, कारण जास्त ओढलंत तर आधी सारंगी जाते. कच्ची फाइल मात्र कधीच पुसू नका.