काल्पनिक भाषेचे शब्द कसे बनवावेत आणि किती?

कादंबरीतल्या टोळीसाठी भाषा बनवायची आहे, शब्द कसे घडवू आणि किमान किती लागतील, असं तुम्ही विचारलंय. आकडा आधी सांगते. दीडशे मूळ शब्द भरपूर झाले. झामेनहॉफनं १८८७ साली वॉर्सात स्वतः घडवलेल्या एस्पेरांतो या भाषेचं पहिलं पुस्तक काढलं त्यात नऊशेच्या आसपास मूळ शब्द होते. २००१ साली आलेली तोकी पोना ही अशीच घडवलेली भाषा तर सव्वाशेच्या आतबाहेर शब्दांवर चालते आणि लोक तिच्यात गप्पा मारतात. तेव्हा हजारो शब्दांची एक्सेल शीट भरत बसू नका.

बाकी काम प्रत्यय करतात. एस्पेरांतोत 'साना' म्हणजे निरोगी. आधी 'माल' लावलं की उलट अर्थ, म्हणून 'मालसाना' आजारी. 'उल' माणसाचा, 'एय' जागेचा, शेवटचा 'ओ' नामाचा, की झालं 'मालसानुलेयो', रुग्णालय. पद्धत शिका, पण इतकी नियमित करू नका. रोज तोंडात असणारे शब्द झिजून आखूड होतात. आजारपण काय टोळीला नवीन आहे? त्याला स्वतःचा छोटा शब्द हवाच.

आता मी हे एवढं का लिहितेय ते. कॉलेजात एकांकिका स्पर्धेसाठी आम्ही एक नाटक बसवत होतो. बेटावर मीठ पिकवून जगणारी जमात आणि तिथे येऊन पोचलेला सरकारी मोजणीदार. जमातीची भाषा माझ्याकडे होती. मी भांडुपची, आजोबा मिठागरात राबलेले. मिठाचे ढीग डोळ्यांसमोर आणि प्यायचं पाणी मात्र लांबून आणायचं, हे घरात ऐकतच मोठी झाले. भाषा मी त्यावरच उभी केली. 'तिस' म्हणजे मीठ, 'लुव' म्हणजे गोडं पाणी. 'एन' जोडलं की जागा: 'तिसेन' मिठागर, 'लुवेन' विहीर. 'ओक' जोडलं की ते काम करणारा: 'तिसोक' मीठ काढणारा, 'लुवोक' पाणी वाटणारा. पाणी ज्याच्या हातात त्याचाच शब्द चालणार, म्हणून 'लुवोक' म्हणजेच मुखिया. त्यासाठी वेगळा शब्द मी केलाच नाही.

शेवटच्या प्रसंगात मुखिया फितूर पोराला शिवी देतो. संहितेत होतं, 'खाल्ल्या मिठाला जागला नाहीस.' दिग्दर्शक म्हणाला, 'नि' म्हणजे नसलेला ना, मग 'नितिस' कर. मी नाही म्हटलं. ज्यांच्या दारात मिठाचे ढीग, ते मिठाची आण कशाला घेतील? त्यांना दुर्मीळ ते पाणी. शिवी 'निलुव'च हवी. आमचं कडाक्याचं वाजलं. 'प्रेक्षकाला काय घंटा कळणार आहे?' हे त्याचं वाक्य. आणि प्राथमिक फेरीच्या आदल्या रात्री त्यानं भाषाच काढून टाकली. नटांना सांगितलं, तोंडाला येईल ते बोला.

नटांनी डोळे वटारून हुंकार काढले, जंगली माणसांचं सोंग आणलं. म्हातारी त्या पोराला पाणी नाकारते तिथे प्रेक्षागृह हसलं. त्या हसण्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. अर्थ कळला नाही तरी पुन्हा पुन्हा आलेला आवाज माणसाला कळतो. पोर 'लुव' मागतं, बाया 'लुवेन'वर जमतात, सगळे 'लुवोक'पुढे वाकतात. मग 'निलुव'चं भाषांतर कशाला लागतं? तालमीला प्रकाशयोजनेचा मुलगा नुसता बसलेला असायचा, त्याला मी काहीच शिकवलं नव्हतं. चहाचे पैसे बुडवणाऱ्याला तो 'निलुव' म्हणायला लागला होता.

पुढे २०१५ साली 'बाहुबली' आला. त्यातल्या कालकेय या टोळीच्या किलिकी भाषेसाठी गीतकार मदन कार्कींनी शब्द आणि व्याकरण दोन्ही रचले होते. त्याचं तोंड भरून कौतुक करणारा आमचा हाच दिग्दर्शक. कौतुक योग्यच होतं. तेच काम शेजारी बसलेली मुलगी करत होती तेव्हा मात्र ते फालतू होतं.

म्हणून तुम्हाला सांगते, एका मराठी शब्दासमोर एक नवा शब्द असा तक्ता करू नका. त्यातून मुखवटा घातलेली मराठी निघते. आपण सिगरेट ओढतो, हिंदीत ती पितात. आत्या, मावशी, काकू, मामी हा आपला भेद इंग्रजीत एका शब्दात बुडतो. 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक हिंदीतही नाही. तुमच्या टोळीला यातलं काय लागतं, काय लागत नाही, हे तिच्या पोटापाण्यावरून ठरवा आणि प्रत्येक मूळ शब्दापुढे अर्थाऐवजी तो वापरला जाणारे तीन-चार प्रसंग लिहा.

आणि हो, त्याही आधी आवाज ठरवा. मी ट-ठ-ड-ढ आणि ख-घ-भ वगळले होते, तेवढ्यानंही कानाला परकेपणा आला. दीडशेचा आकडा संवादांपुरता आहे. टोळीची गाणी किंवा लांबलचक प्रार्थना लिहिणार असाल तर वाढवा. वाचकासमोर त्यातले तीस-चाळीसच येऊ द्या, पण वेगवेगळ्या तोंडी, पुन्हा पुन्हा. आणि प्रकाशक किंवा मित्र 'वाचकाला काय कळणार' म्हणाला, तर त्याला एक प्रकरण विनाभाषांतर वाचायला द्या आणि नंतर शिवी कोणती होती ते विचारा.